बेनिफिटच्या आधीचा उन्हाळा

"मी काही सांगणार नाही, आणि तूही कोणाला सांगायचं नाहीस," रूबेन म्हणाला. "विषय संपला."

"संपला कसा?" लेटीने भिजलेला टेबलक्लॉथ त्याच्यासमोर धरला. "बुटाची नाडी बांधायला वाकलास, वर आलास आणि अख्खा चहा कपाबाहेर ओतलास. हे काय मांजराने सांडलं?"

"हात हलला."

"तुझा हात हलणारा असता तर काउंटीच्या क्रिकेट संघाने इतके उन्हाळे तुला ओपनिंगला पाठवलं नसतं. डोळे नाचले तुझे, रूबेन. मी समोर बसले होते. बुबुळं नुसती थरथरत होती."

शेगडीपाशी रूबेनचा बाप ईनॉस बसला होता. घरातही त्याची टोपी नाकापर्यंत ओढलेली असे; उजेड त्याला सोसत नसे. लेटी त्याच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू, पोरी? मला तुम्ही दोघं मिळून चौघं दिसताय, आणि चौघंही भांडताय."

रूबेन हसला. लेटीला हसू आलं नाही. खाणीतल्या अंधुक दिव्यापाशी कुशीवर पडून वर्षानुवर्षं कोळसा फोडला की काहींचे डोळे असे थरथरू लागत. कॅल्व्हरबी गावात त्या रोगाचं डॉक्टरी नाव कोणी घेत नसे. 'त्याचे दिवे नाचायला लागले' एवढंच म्हणत, आणि ते म्हणतानाही आवाज खाली आणत. ईनॉसचे दिवे नाचायला लागले तेव्हा तो आज रूबेन आहे त्याच वयाचा होता.

रूबेन तेराव्या वर्षी खाणीत उतरला. खाणीचं स्वतःचं क्रिकेटचं मैदान होतं, राखेच्या ढिगाला लागून. वारा तिकडून आला की पांढरे कपडे तासाभरात करडे होत. त्या मैदानावर बापाने त्याला बॅट धरायला शिकवलं, आणि त्याच मैदानावरून काउंटीने त्याला उचललं. तेव्हापासून तो पोटासाठी खेळणारा क्रिकेटपटू झाला. हौशी खेळाडूंना मिस्टर, त्याला नुसतं आडनावाने 'ओल्डनो'. त्यांचं फाटक वेगळं, त्याचं वेगळं. कप्तान वयाने लहान असला तरी त्याला साहेब म्हणायचं. या कशाचंही रूबेनला वाईट वाटत नसे. त्याला खटकत असे तो हिवाळा. सप्टेंबर संपला की काउंटीला त्याची गरज नसे, आणि तो पुन्हा बापाच्या जुन्या जागी, जमिनीखाली जात असे.

यातून सुटायची वाट एकच होती, बेनिफिट. दहा उन्हाळे इमानाने खेळलेल्या खेळाडूसाठी काउंटी एक सामना ठेवी आणि त्या दिवशी फाटकावर जमेल ते सगळं त्याचं होई. त्यातून रूबेनला बॅटी आणि बुटांचं दुकान काढायचं होतं. दुकानाला मोठी खिडकी, दिवसभर ऊन. त्याचं बेनिफिट पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं. मात्र तोवर संघातली जागा टिकायला हवी होती. जागा गेली की बेनिफिट गेलं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला माहीत होतं.

लेटीला आणखीही एक गोष्ट कळली होती. नवऱ्याला हे लपवायला बापाने शिकवलं होतं. खाणीच्या डॉक्टरला फसवायची ईनॉसची एक पद्धत होती. तपासणीआधी वाकायचं नाही, नजर खाली ठेवायची, मान ताठ. वाकून वर पाहिलं की डोळे नाचतात. ताठ राहिलं तर बराच वेळ शांत असतात. तेच रूबेन आता मैदानावर करत होता. जन्मभर बॅटवर वाकून उभा राहणारा माणूस या एप्रिलपासून खांबासारखा सरळ उभा राहू लागला. गावच्या वर्तमानपत्राने कौतुकही केलं, ओल्डनोचा नवा पवित्रा रुबाबदार आहे. ईनॉसने ते कोणाकडून तरी दोनदा वाचून घेतलं.

मे महिन्यात एका सामन्याला लेटी गेली आणि लोकांच्या बाकांवर बसली. आकाश भरून आलं होतं, उजेड खाणीतल्यासारखा मळकट. गोलंदाज लांबून धावत आला, चेंडू आपटून उसळला आणि सरळ रूबेनच्या डोक्याकडे गेला. तो वाकला नाही. मानही हलवली नाही. चेंडू कानाच्या पाळीला घासून मागे निघून गेला.

"काय छाती आहे गड्याची!" लेटीच्या शेजारचा माणूस ओरडला. "पापणी लवली नाही!"

टाळ्या वाजू लागल्या. लेटीने वाजवल्या नाहीत. तिला माहीत होतं, ते धाडस नव्हतं. त्याला चेंडू दिसलाच नव्हता.

पुढच्या सोमवारी तिने चर्चला जायची हॅट घातली आणि काउंटीच्या मैदानावर जाऊन थेट हौशी खेळाडूंच्या फाटकाशी उभी राहिली.

"वहिनी, तुमचं फाटक पलीकडे," पर्सी पहारेकरी म्हणाला.

"मला मिस्टर फॅनशॉंना भेटायचंय."

"ओल्डनोला माहीत आहे का तुम्ही आलाय ते?"

"तुम्ही फाटक सांभाळा, पर्सी."

कप्तान फॅनशॉ बाहेर आले, हॅट काढून उभे राहिले. तरुण, गोरेपान, बोलायला मऊ. लेटीने सगळं सांगितलं, फक्त बापाची शिकवण वगळून. ते ऐकून त्यांनी हॅटची कड बोटांनी फिरवली. "तुम्ही आलात हे बरं केलंत, मिसेस ओल्डनो. मी काहीतरी बघतो. तुमचं नाव येणार नाही."

तिने तीन दिवस वाट पाहिली. रूबेन सरावाला जाई, येई, जेवे. गुरुवारी तो उजेड असतानाच घरी आला. लेटीने पाव आणि उकडलेले वाटाणे वाढले. त्याने शांतपणे सगळं संपवलं.

"साहेबांनी मला नोकरी देऊ केली," तो म्हणाला. "दक्षिणेत एका मोठ्या शाळेत मुलांना खेळ शिकवायचा. राहायला घर, हिवाळ्यातही काम."

लेटीच्या हातातली किटली तशीच राहिली.

"त्यांच्याकडे कोण गेलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. सभ्य माणूस आहे. पर्सी सभ्य नाही."

"रूबेन..."

"त्यांनी मला खिडकीशी उभं केलं आणि डोळ्यांत बघितलं. मी ताठ उभा राहिलो. मग म्हटलं, साहेब, बायकोला दिवस गेलेत, अशा दिवसांत बायकांना काहीबाही दिसतं. हसले ते. पटलं त्यांना."

"मला दिवस गेलेले नाहीत!"

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

शेगडीपाशी खुर्ची करकरली. ईनॉस उठला, टेबलाचा काठ चाचपत पुढे आला आणि रूबेनच्या थोडं डावीकडे बघत बोलू लागला.

"पोरा, शाळेत जा."

"तुम्हीच शिकवलंत ना, बाबा? मान ताठ ठेव म्हणून?"

"मी डॉक्टरला फसवलं तेव्हा माझ्यापुढे कोळसा होता. कोळसा कोणी आपल्या तोंडावर फेकून मारत नाही. आणि शनिवारी समोर येतोय तो नवा गोलंदाज पोरगा... गेल्या महिन्यात त्याने एकाचा जबडा मोडला. लोक बोलत होते, मी ऐकलं."

"मीही ऐकलंय."

"मग?"

"शाळेत गेलो तर बेनिफिट नाही. दुसऱ्यांच्या पोरांना चेंडू टाकत म्हातारा होईन. नऊ उन्हाळे मी त्यासाठी खेळलो नाही."

"दुकान नको मला," लेटी म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तरी तो चढला. "खिडकी नको, काही नको. तू घरी यायला हवास, आणि तुला मी दिसायला हवी. एवढंच."

रूबेनने ताटली बाजूला सारली. तिच्याकडे बघायला त्याने मान वर केली, आणि तिने पाहिलं, त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर ठरत नव्हती. ती चेहऱ्याच्या कडेकडेने फिरत होती, अंधारात दाराची कडी शोधावी तशी. ते त्यालाही कळलं असावं. त्याने डोळे खाली वळवले.

"मी नोकरीला नकार देऊन आलोय," तो म्हणाला. "शनिवारी ओपनिंगला मीच जाणार आहे."