आण्णांना सांगू नका

बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला की आण्णा डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा सिस्टरबाई, आदी नदीवर जाऊन येतो." मी रबरी पंप हातात धरून उभी. दोन-तीन मिनिटं ते कृष्णेत पोहत असायचे, धाकट्या भावाबरोबर, साठ वर्षांपूर्वीच्या पाण्यात. मग डोळे उघडून हुकूम सोडायचे, "हं, बाळूला काठावर बसवून आलो. फुगवा आता."

मला आधी हा म्हातारचळ वाटायचा. घरी जायची घाई असायची. एकदा त्यांची खोड मोडावी म्हणून मी नदीच्या आधी आणि नदीच्या नंतर असं दोनदा बीपी मोजलं. नंतरचा आकडा चांगलाच उतरलेला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हापासून मी मुकाट्याने थांबायला शिकले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका दवाखान्यात मी नर्स होते आणि ड्युटी संपली की वाटेत आण्णांच्या घरी जायचे. त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता, दुसरा सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ते पुढे सहा वर्षं जगले. गोळी त्यांनी एकही चुकवली नाही, पण भरवसा नदीवर. शेजारचं कुणी येऊन आपल्या दुखण्याचं रडगाणं गायला लागलं की म्हणायचे, "गड्या, काळजी करून रोग पळतोय व्हय? उलट त्याला बसाय पाट दिल्यागत हुतंय."

बायको मागेच वारलेली. घरात मुलगा सुकुमार आणि सून पद्मा. पद्मा रोज सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जायची. अभिषेकाचं गंधोदक आणून सासऱ्यांच्या कपाळाला लावायची. मगच आण्णा चहाचा कप तोंडाला लावायचे.

त्यांच्या दुखण्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, बाळूकाका आजारी पडले. ते इस्लामपूरकडच्या गावी शेती बघत. तिकडच्याच एका दवाखान्यात त्यांना ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा सोडली. सुकुमारने मला जिन्यात गाठलं.

"सिस्टर, आण्णांना न्यावं का तिकडं? काका सारखं त्येंचंच नाव घेतायत."

माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं. मी म्हणाले, "मुळीच नाही. धक्का बसला तर दोघंही जातील. आण्णांना सांगू नका." किती ठामपणे म्हणाले! आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. सुकुमार उसाच्या कामाला जातो म्हणून गेला आणि सगळं उरकून आला. घरात कुणी मोठ्याने रडलं नाही. पद्मा न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. मीही हसत हसत जात होते. पण आण्णा नदीवर जाईनात. "आज नगं सिस्टरबाई, दमलोय," म्हणायचे. पारा रोज थोडा थोडा चढत होता. मी सुकुमारला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी जपा. कुणाला भेटायला येऊ देऊ नका."

पाचव्या दिवशी मी पट्टा गुंडाळत असताना आण्णा म्हणाले, "सुकुमार, बाळू कवा गेला?"

पद्माने हातातली कपबशी खाली ठेवली.

"सून म्हणती पाय मुरगाळलाय, म्हणून बस्तीत जात न्हाई. आन घरात तर दिवसभर तुरुतुरु चालती. माझ्यापायी ती खोटं बोलंल, पर सुतकात बस्तीची पायरी चढायची न्हाई. आन सुतक लागावं आसं बाळूबिगर दुसरं हाय कोण? पयल्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"आण्णा, तुमच्या जिवाला काय हुईल म्हणून..." सुकुमार म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे. शेवटाला त्यानं माझं नाव काढलं का?"

सुकुमारने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काढलं. आण्णा कुठं हाय, म्हणून विचारत हुते."

"मग तुमी काय सांगितलं?"

"वाटंत हायत म्हणून सांगितलं."

आण्णा म्हणाले, "म्हंजे दाराकडं बघत गेला आसंल." आणि ते रडायला लागले. चार दिवस दाबून ठेवलेलं ते रडणं, सगळं अंग हलत होतं. मी घाबरले. काहीच सुचेना, तेव्हा सवयीने पंप दाबायला गेले. आण्णांनी माझा हात धरला.

"नगं, सिस्टरबाई. आज चढू द्या."