वैनीनं उचललेला नवस

माझी वैनी चंद्राबाई मासळीची भारी भुकेली. माहेर खालापूरकडचं. लग्न होऊन कोंडाण्याच्या लेण्यांजवळ आमच्या घरात आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई नव्हती, वैनीनंच मला वाढवला. सुक्या बोंबलाचं शेपूटसुद्धा ती टाकायची नाय. श्रावणात महिनाभर तिचं तोंड उतरलेलं असायचं. आता दादा नाय, माझी बायको नाय. घरात वैनी, मी आणि माझी लेक नम्रता.

पस्तीस वर्षं मी खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या केल्या आणि त्याच्या दुप्पट जोरानं बिड्या ओढल्या. घास अडकायला लागला तरी पित्त म्हणून सोडा पीत बसलो. शेवटी अन्ननळीचा कॅन्सर निघाला. केमो झाली, गिळणं जरा सुटलं. मग मुंबईच्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, "अन्ननळीचा खराब भाग काढायचा आणि जठर वर ओढून जोडायचं. जोड नीट भरला नाही तर आत गळती होते. छातीत कफ भरला तर न्यूमोनिया. तुमचं वय, बिड्या आणि अकरा किलो उतरलेलं वजन, तिन्ही तुमच्या विरुद्ध आहेत. वयाचं काही करता येत नाही. बाकी दोन तुमच्या हातात. पाच आठवडे देते. वजन वाढलं पाहिजे, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल."

बिडी त्याच दिवशी सुटली. नम्रतानं श्वासाचं यंत्र आणलं. नळी तोंडात धरून ओढायची, की आतल्या तीन गोळ्या वर जातात. माझी एकच जायची, तीही निम्मी. वैनी रोज चार अंडी उकडून, मऊ भातात कालवून, ताट माझ्यापुढं ठेवून शेतावर जायची.

तिसऱ्या आठवड्यात वजन केलं तर आणखी दोन किलो कमीच. नम्रता रडली. घरी आल्यावर ओट्यावर लोळणाऱ्या आमच्या बोक्याकडं वैनीनं बराच वेळ बघितलं.

"सहदेवा, हा बोका गाभण हाय का रं?"

माझी मान खाली गेली. खरं सांगतो, ऑपरेशनच्या धास्तीनं मी गुपचूप गावदेवीला बोललो होतो, जखम भरेपर्यंत अंडं, मासळी, मटण तोंडात घालणार नाय. सगळी अंडी बोका खात होता. आमच्याकडं संकट आलं की आवडीचं सोडायचं, देवी बघते. पोटातच काय नाय गेलं तर जोड कशानं भरेल, हा विचार माझ्या टकुऱ्यात आलाच नाय.

"डॉक्टरबाई वाढव म्हणतात आणि तू सोडत बसलास? मेल्या, मी तुला ह्याच्यासाठी वाढवला?"

तशीच मला दंडाला धरून देवळात घेऊन गेली. नारळ ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, ह्याला अक्कल नाय. ह्याचा नवस मी उचलला. ह्याला मोकळा कर." मग वाकून आणखी काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आलं नाय.

त्या दिवसापासून ती शेतावर जायची बंद झाली. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोर बसायची. गोळ्या वर गेल्या नाय तर कारखान्यातल्या मुकादमासारखी खेकसायची. मीपण उलट खेकसायचो. पाचव्या आठवड्याला वजन तीन किलो वर आणि तिन्ही गोळ्या वर.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ताप आला, छाती घरघरली. टाके ताणत होते तरी पोटाशी उशी दाबून खोकायचो, कफ काढायचो, यंत्र ओढायचो. दोन दिवसांत ताप उतरला. जोड टिकला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हीच तब्येत महिन्यापूर्वीची असती तर हा ताप जड गेला असता." मी वैनीचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ, टाके तुटतील."

ह्याला आता दीड वर्ष झालं. मी दिवसातनं सहा वेळा थोडं थोडं, ताठ बसून खातो. परवा तिनं नदीचे मासे तळले. माझ्या ताटात वाढले आणि स्वतः डाळभात घेऊन बसली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, दीड वर्षात हिनं मासळी तोंडात घातलीच नव्हती.

"वैनी, जखम कधीच भरली. नवस फिटला. खा की."

"तुझा होता तो फिटला. देवीला फुकट कसा सोडवून मागू? मी माझा वेगळा बोलले."

"किती दिवसांचा?"

"तू जेवतोयस तोवर मी मासळी सोडली."

मला असा राग आला की ताट सारलं. मला विचारलं पण नाय. तिनं डोळे वर करून बघितलं नुसतं. आईनं जन्म दिला, हिनं दोनदा वाढवला. डोळे पुसले, ताट पुढं ओढलं आणि एकेक काटा साफ केला.

उठताना म्हटलं, "उद्यापण कर."

"करीन की," ती म्हणाली आणि डाळभात कालवायला लागली.