खडूचा हात

वर्षाराणीच्या डोक्यात विचार कधी रांगेनं येत नसत. वाटूरच्या शिवारात ती आईबरोबर, आसराबाईबरोबर, तुतीचा पाला कापत असायची आणि डोकं भलतीकडेच भटकत असायचं. सिनेमातले ते उडणारे सुपरहिरो चड्डी पँटच्या वरून का घालतात, असं तिनं एकदा विचारलं होतं. आसराबाईनं विळा न थांबवता सांगितलं, "घाई असंल."

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या आजोबांपर्यंत घरानं मेंढरं राखली, मग शेती आली आणि आता पाच वर्षांपासून रेशीम अळ्या. अळ्यांच्या शेडमध्ये राज्य आसराबाईचं. तिथं अगरबत्ती नाही, पावडर नाही, चपला नाहीत आणि वडील तर नाहीतच, कारण इंद्रभान तंबाखू खायचे आणि उग्र वास अळ्यांना सोसत नाही. ते बिचारे दारातूनच विचारायचे, "खाऊन राह्यल्या का बराबर?" खात असायच्याच. कान दिला तर पानावर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. वर्षाराणीला वाटायचं, त्या सुपरहिरोच्या पाठीवरचा झगा रेशमाचा असेल तर त्यासाठी कुणाच्या तरी आईनं पाला कापलाच असणार. सिनेमात ती बाई काही दाखवत नाहीत.

पाला कापताना मायलेकींचा आणखी एक रिवाज होता. वर्षाराणीनं रात्रीचं स्वप्न सांगायचं आणि आसराबाईनं त्याचा निकाल लावायचा. स्वप्नंही एकेक नमुनेदार. कधी पाल मास्तरीण होऊन हजेरी घ्यायची, तर कधी झुरळं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. आसराबाईचा नियम सोपा होता. चांगलं स्वप्न माणसाला सांगावं, वाईट स्वप्न मोरीतल्या वाहत्या पाण्याला सांगावं आणि मोकळं व्हावं. झुरळांचं स्वप्न तिनं चांगल्यात धरलं. त्यांना बसायला जागा मिळाली ना, मग झालं, असं तिचं म्हणणं.

मार्चमध्ये आसपासच्या गावांतल्या वीस बायका आसराबाईची अळ्यांची बॅच बघायला येणार होत्या. या बायकांना नव्यानं अळ्या पाळायच्या होत्या आणि रेशीमवाल्या साहेबांनी सांगितलं होतं, बघायचं तर आसराबाईचं बघा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे लोक शिकायला येणार, याचं तिला इतकं अप्रूप होतं की तिनं शेड दोनदा झाडून घेतलं. नेमका आदल्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईला भाच्याचा साखरपुडा निघाला. नवराबायको दोघांनाही जाणं भाग होतं. निघताना ती वर्षाराणीला एवढंच म्हणाली, "पाण्याच्या वाट्या बघ. बाकी तुला कळतंय."

अळ्या ठेवतात त्या रॅकच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी असते. मुंग्या पाणी ओलांडून वर चढू शकत नाहीत, म्हणून. त्या दुपारी ऊन रणरणत होतं. एका वाटीतलं पाणी आटलं आणि मुंग्यांची रांग वर चढू लागली. वर्षाराणी ती रांग बघत उभी राहिली. मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड ओझं उचलते, म्हणजे खरी सुपरहिरो हीच, आणि ती चड्डीही घालत नाही, असं काहीबाही ती मनाशी जुळवत होती. तेवढ्यात चार मुंग्यांनी एक वळवळणारी अळी ओढत आणलेली तिला दिसली.

मग मात्र तिची धांदल उडाली. तिनं वाट्या भरल्या. पण वर चढलेल्या मुंग्यांचं काय? स्वयंपाकघरात झुरळांचा खडू होता, तो तिनं आणला. शेडमध्ये औषध चालत नाही हे तिला माहीत होतं. पण ती जीवशास्त्र शिकणारी पोरगी. अळ्या काही पायांवरून खाली उतरत नाहीत, रेघ फक्त पायांवर ओढली तर बिघडतं कुठं, असा तिनं हिशेब केला. हिशेब तसा चुकीचा नव्हता. चारही पायांवर रेघा ओढल्या, हात ओढणीला पुसले आणि त्याच हातांनी तिनं खालच्या कप्प्यात पाला पसरला.

तासाभरानं खालच्या कप्प्यातला आवाज थांबला. अळ्या डोकी गरागरा हलवत होत्या, तोंडातून हिरवं पाणी टाकत होत्या आणि आखडत चालल्या होत्या. वर्षाराणीनं आपल्या हातांकडे पाहिलं. सगळं शिकून जे कळलं नव्हतं ते तिला आता कळलं.

आईवडील उशिरा आले, थकून झोपले. सकाळी तुतीत आसराबाईनं नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं?"

"काई न्हाई."

"झोपलीच न्हाईस तर काय दिसंल. काय झालंय ते सांग."

वर्षाराणीनं सांगितलं. आसराबाईनं सगळं ऐकून घेतलं, विळा खाली ठेवला आणि ती शेडमध्ये गेली. हजारभर अळ्या मेल्या होत्या. वर्षाराणी घमेलं घेऊन मागे आली. म्हणाली, "माय, बायका यायच्या आत खड्ड्यात टाकून चुना टाकते."

"ऱ्हाऊ दे," आसराबाई म्हणाली. तिनं साबणानं रॅकचे पाय घासले, हात धुतले आणि वरच्या कप्प्यांना पाला दिला. खालचा कप्पा तसाच ठेवला.

दहाला बायका आल्या. वरचं बघून झाल्यावर आसराबाईनं त्यांना खाली वाकायला लावलं. झुंबरबाई नावाची वयस्कर बाई म्हणाली, "अगं माय. हे कशानं?"

"माझ्या हातानं. मुंग्यांसाठी झुरळांचा खडू लावला अन् त्याच हातानं पाला टाकला."

दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हिच्याकडे शिकायला आलो होय, असं ते हसणं होतं. वर्षाराणी दारात पाल्याचा भारा घेऊन उभी होती. आपण वाचलो हे तिला कळलं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

"मावशी, खडू म्या लावला," ती म्हणाली. "माय गावाला गेल्ती."

सगळ्या वळल्या. आसराबाईनं मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. "सांगायला लागलीस तर पुरतं सांग. हात कशाला पुसले तेबी सांग."

वर्षाराणीनं पुरतं सांगितलं. आटलेली वाटी, रेघा, ओढणी, तासाभरानं काय दिसलं, सगळं. कुणी हसलं नाही. झुंबरबाईनं तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं.

"हिचा नंबर घेऊन ठेवा," आसराबाई बायकांना म्हणाली. "जिचं चुकलंय ती बराबर सांगती."

बायका नंबर घेऊन गेल्या. वर्षाराणीला हायसं वाटलं. घमेलं घ्यायला ती मागे गेली, तर आसराबाई खड्ड्यापाशी बसलेली. अळ्या टाकून झाल्या होत्या, चुन्याची पिशवी हातात तशीच होती आणि ती रडत होती.

वर्षाराणी शेजारी बसली. मग आसराबाईनं डोळे पुसले, चुना टाकला आणि उठता उठता म्हणाली, "उद्या मला सपान सांगू नको. चार दिस वाईटच दिसंल, पाण्यालाच सांग."