बोटाची मेणबत्ती

शाळेत तिला सगळे फुंकरबाई म्हणायचे. नाव पोरांनी ठेवलं होतं, म्हणून तिला त्याचा राग नव्हता. त्याआधी ती खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला तिनं हाक मारली तर त्या टोकाचं पोर पळता पळता थांबायचं.

मग मैदान गेलं.

मैदान कुठे जातं, असं विचारू नये. संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं की मैदान जातं. पालक गाड्या घेऊन मुलांना सोडायला येणार, त्या गाड्या फाटकाशी उभ्या राहणार, आणि मग अध्यक्षांच्या गाडीला आत शिरायला वाट मिळणार नाही, हे शिक्षणाच्या दृष्टीनं फारच वाईट होतं. म्हणून मैदानावर फरशा बसल्या, पांढरे पट्टे आखले गेले, आणि जिथे पोरं धावायची तिथे गाड्या आराम करू लागल्या. उद्घाटनाला अध्यक्ष म्हणाले, हे सगळं मुलांसाठीच आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तशा त्यांना वाजवायला सांगितलंच होतं.

पण मैदान फरशीखाली गेलं म्हणून पोरांच्या पायांतलं धावणं कुठे जातंय? ते जिन्यात निघालं, बाकांवरून निघालं, डबा खायच्या सुट्टीत एकमेकांच्या अंगावर निघालं. एकानं दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. पालक तावातावानं भांडायला आले. येताना गाडी मैदानावरच लावून आले, आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

शाळेनं मग एक तज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञ लोण्यासारखं बोलला, वर्गावर्गातून फिरला आणि निदान करून गेला की मुलं अस्वस्थ आहेत. एवढं तर शाळेच्या घंटेलाही ठाऊक होतं. उपाय मात्र नवीन होता: मुलांना शांत करणारे श्वासाचे खेळ.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला खोलीत बोलावलं. "मैदानच उरलं नाही, तर खेळ शिकवणारी बाई ठेवायची कशाला, असं अध्यक्ष विचारतायत. तुम्ही ते शिबिर करून या. मुलं शांत झाली, तर वार्षिक सभेनंतर तुम्हाला कायम करायचं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय."

कायम हा शब्द ऐकायला ती वर्षानुवर्षं कान टवकारून बसली होती. दर उन्हाळ्यात तिला घरी पाठवायचं आणि शाळा उघडली की उपकार केल्यासारखं परत घ्यायचं, अशी तिथली रीत. तिनं मान हलवली आणि शिट्टी काढून पर्समध्ये टाकली.

घरी सासूबाई चष्मा पुसत ऐकत होत्या.

"म्हणजे श्वास कसा घ्यायचा ते शिकवायचं? आणि त्याचा पगार?"

"हो."

"आम्ही बाई आजपर्यंत उगाच फुकटात घेत बसलो."

नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. तो म्हणाला, "तू घोरतेस तेवढ्यात दोन माणसांचा पगार निघेल, आई."

शिबिरात तिला पहिल्या दिवशी हसू आवरेना. मोठमोठी माणसं उताणी पडून पोटावर खोडरबर ठेवत होती आणि त्याला श्वासानं झोके देत होती. मधमाशी होऊन गुणगुणत होती. शिकवणारी बाई दर वाक्याला डोळे मिटायची. सगळं थोतांड आहे असं ठरवूनच ती परत आली, आणि पोटाचा प्रश्न म्हणून वर्गात उभी राहिली.

आणि झालं असं की पोरांना ते आवडलं. खोडरबर पडू नये म्हणून वर्गातलं सगळ्यात वांड कार्टंसुद्धा सावकाश श्वास घेऊ लागलं. पण सगळ्यांत जास्त चालला तो मेणबत्तीचा खेळ. एक बोट उभं धरायचं, ती मेणबत्ती. नाकानं हळूच श्वास आत घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि लांब फुंकर घालायची. ज्योत विझली की बोट वाकवायचं. जिन्यात दोन पोरं भांडायला उभी राहिली आणि एकानं "थांब, तुला बघतोच" म्हणून बोट नाचवलं, तर दुसरा त्या बोटावर फुंकर घालायचा. मग दोघंही हसायची आणि भांडण तिथेच मरायचं. हे पाहून तिनं नियमच करून टाकला.

"बोट कुणाचंही असो, वर दिसलं की मेणबत्ती. विझत नसेल तर आणखी लांब फुंकायचं. आणि मी हात असा पालथा खाली केला की खेळ संपला. कळलं?"

"हो, बाई."

'कुणाचंही' म्हणताना तिला अध्यक्ष आठवले नाहीत. हे नवलच. कारण अध्यक्षांना बोट वर केल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीत तर कुणीतरी म्हणालंही होतं की यांचं बोट बांधून ठेवलं तर वाचा बसेल.

वार्षिक सभेला सभागृह गच्च भरलं. पुढे सतरंज्यांवर मुलं, मागे खुर्च्यांवर पालक, कडेला भिंतीशी शिक्षक. मुलं अशी गप्प बसली होती की मोठ्या बाईंनी लांबूनच तिच्याकडे बघून समाधानानं डोळे मिचकावले. अध्यक्ष उठले. त्यांचा विषय होता, शांतता.

"मुलांनो," ते म्हणाले, "आज मी तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे." त्यांच्याकडून एकच गोष्ट आजवर कुणी ऐकलेली नव्हती. त्यांनी बोट वर केलं.

सतरंज्यांवरच्या सगळ्या पोरांनी नाकानं श्वास घेतला. मग, फूऽऽऽ.

अध्यक्षांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा नेहमीसारखाच फिरत होता.

"ती गोष्ट म्हणजे शिस्त." बोट वर.

फूऽऽऽ.

मागच्या खुर्च्यांत कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्षांचे कान लाल झाले. "हा काय चावटपणा आहे?" ते म्हणाले, आणि आता रागानं ते बोट थरथरायला लागलं. थरथरणारी ज्योत म्हणजे न विझलेली ज्योत. पोरांनी छात्या भरून घेतल्या आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे आणखी लांब फुंकर घातली. हसत एकही मूल नव्हतं. शिकवलेलं ती मन लावून करत होती. एवढी आज्ञाधारक मुलं त्या शाळेनं कधी पाहिली नसतील, आणि नेमकं त्याच दिवशी अध्यक्षांना आज्ञाधारकपणा नको झाला होता.

मोठ्या बाई लगबगीनं तिच्यापाशी आल्या. "अहो, थांबवा ना त्यांना. तुमचा तो हात खाली करा."

"हो."

"हो काय? तुमचा कागद त्यांच्या सहीसाठी पडलाय अजून. करा लवकर."

तिनं हात उचललासुद्धा. तेवढ्यात तिला पुढून दुसऱ्या ओळीत, याच शाळेत शिकणारी आपली मुलगी दिसली. ही तीच मुलगी, जी कुणी आवाज चढवला की दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरायची. घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. आज एक मोठा माणूस तिच्यासमोर खेकसत होता आणि ती पाठ ताठ करून, गाल फुगवून, सरळ त्याच्याकडे बघत होती. हात मांडीवर होते. कानांवर नव्हते.

हात पालथा केला, तर या पोरीला काय कळेल? की भीती घालवायचा खेळ फक्त आपल्याएवढ्यांशी खेळायचा. खरोखर भीती वाटावी असा माणूस समोर आला की तो बंद करायचा.

तिनं उचललेला हात मागे नेला, दुसरा हातही मागे नेला आणि 'विश्राम' म्हटल्यावर मैदानावर पोरं उभी राहायची तशी ती पाय फाकवून उभी राहिली.

"कोणी शिकवलं हे यांना?" अध्यक्ष ओरडले. बोटासकट.

फूऽऽऽ.

"मी शिकवलं," ती म्हणाली. आवाज मैदानावरचा होता, मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मुलं चेष्टा करत नाहीयेत, साहेब. बोट दिसलं की शांत व्हायचं, एवढंच त्यांना येतं. तुम्ही बोट खाली घेतलंत की तीही थांबतील."

केवढं सोपं होतं. पण बोट खाली घ्यायचं तर ते वर आहे हे आधी कळावं लागतं. "आता तुम्ही मला शिकवणार?" असं म्हणताना ते पुन्हा वर गेलं, पुन्हा विझवलं गेलं, आणि शेवटी अध्यक्ष शांततेवरचं भाषण अर्धवट टाकून आदळआपट करत निघून गेले. त्या सगळ्या सभागृहात शांत व्हायची गरज असलेला एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच कुणी शिबिराला पाठवलं नव्हतं.

कागदावर सही झाली नाही, हे सांगायला नको. मोठ्या बाई खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघत म्हणाल्या, "नुसता एक हात खाली करायचा होता तुम्हाला."

"दर वेळी तोच खाली करत आले, मोठ्या बाई," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "मी तेव्हाच सांगत होते," त्यांनी बोट उगारलं, "की असल्या..."

नातीनं आपलं काम केलं.

सासूबाईंनी आधी बोटाकडे पाहिलं, मग नातीकडे. "विझलं की गं," त्या म्हणाल्या आणि बोट वाकवलं. जरा वेळानं त्यांनी ते स्वतःहूनच पुन्हा वर केलं.

सध्या ती गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी पोरांना पळवते. शिट्टी पुन्हा गळ्यात आली आहे. दर महिन्याला ओढाताण होते, ती कुणी फुंकरीनं विझवून दिलेली नाही. शाळेत श्वासाचे खेळ बंद झाले. बाकी त्या सभेचे फोटो मात्र छान आले, आणि त्यातला सगळ्यात मोठा, चौकट करून, अध्यक्षांनी जिन्यासमोर लावून घेतला. माईकसमोर अध्यक्ष, बोट वर. मुलं त्यात कुठेच दिसत नाहीत.

मुलगी सांगते, जिना उतरताना सगळे तिथे थांबतात. शिपाई रोज त्या फोटोची काच पुसतो, आणि मधली सुट्टी झाली की ती पुन्हा धुरकट झालेली असते.