देवाला सरकारी खोली नको

सेंदाईहून निघालेली रेल्वे मध्येच एका स्टेशनात संपली. म्हणजे रूळच संपले. पुढचा लोहमार्ग २०११च्या त्सुनामीच्या लाटेनं वाहून नेला होता आणि त्याच वाटेवर डांबर घालून आता बस सोडली होती. माझी भाची मुग्धा सेंदाईच्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. लाटेनं शेतांत आणून टाकलेलं मीठ हा तिचा विषय. माझा विषय धर्मसत्ता. पुण्यातल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना फेरोंच्या इजिप्तपासून आजच्या इराणपर्यंत देवाच्या नावानं चालणारी राज्यं मी पोरांकडून घोटून घेतली. सम्राटाला देव मानणारा आणि युद्ध हरल्यावर ते सोडून देणारा जपान तेवढा पाहायचा राहिला होता.

“मावशी, क्योतोची एवढी देवळं सोडून या गावात काय बघणारेस?” बसमध्ये मुग्धानं विचारलं.

“तिथे पर्यटक असतात. जिथे भांडण चालू असेल तिथे ने मला.”

ती हसली. मातीचे नमुने घ्यायला ती या गावात नेहमी यायची, त्यामुळे भांडण तिला ठाऊक होतं.

उतरलो तिथे गाव नव्हतंच. मातीचे भराव, ट्रकांची ये-जा आणि समुद्र अडवायला बांधलेली राखाडी भिंत. एका टेकाडाच्या पायथ्याशी दगडी तोरीई (देवळाची कमान) तेवढी उभी होती. मी ऐटीत पायऱ्या मधोमध चढायला लागले, तशी मुग्धानं दंड धरून बाजूला ओढलं. “मधली वाट देवाची. आपण कडेनं जायचं.” माझा तोल गेला आणि मी शेजारच्या बांबूच्या झुडपात बसकण मारली. कपडे झाडत वर गेले, तर देऊळ लाटेनं नेलेलं, नुसतं जोतं उरलं होतं.

देव चिबा-सानच्या (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’) घरी होता. चिबा-सान म्हणजे या देवळाच्या गुजी (मुख्य पुजारी). आधी त्यांचे वडील, मग घरजावई आलेला नवरा आणि आता ऐंशी ओलांडलेल्या त्या स्वतः. लाट आली त्या दिवशी देवाची पेटी छातीशी धरून त्या डोंगरावर धावल्या होत्या. तेव्हापासून पेटी सरकारनं दिलेल्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोलीत, कपाटावर होती. त्यांनी आम्हाला ओनिगिरी (भाताचे मुटके) आणि समुद्री शेवाळाचं गरम सूप वाढलं. आंबट खारवलेलं फळ भातातून अचानक दाताखाली आलं तेव्हा लिंबाच्या लोणच्याची आठवण झाली. मी तीन मुटके खाल्ले.

जेवताना भांडण कळलं. सरकार गावाला उंचावर घरं बांधून देत होतं, पण देऊळ नाही. युद्धानंतरच्या राज्यघटनेनं धर्मासाठी सरकारी पैसा वापरायला बंदी घातली आहे. गावसमितीचे प्रमुख ओनो-सान यांनी तोड काढली होती. नव्या सरकारी सभागृहाच्या मागच्या खोलीत देव ठेवायचा आणि कागदावर ती सणाच्या सामानाची खोली म्हणायची. त्याच दुपारच्या बैठकीत ते ठरणार होतं. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे आमदारनिधीतून ‘सभामंडप’ कधीच उभा राहिला असता, आमदारांच्या नावाच्या पाटीसकट.

“तुम्हाला काय हवंय?” मी विचारलं. मुग्धा दोन्हीकडचं सांगत होती.

“देव या पत्र्यातून बाहेर गेलेला बघायचाय. माझ्या डोळ्यांदेखत.”

मला वाटलं, बाई खोलीला हो म्हणणार. खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात हो म्हटलं.

बैठकीत सगळे गुडघे मुडपून बसले होते. इथे हात वर करून मतं मोजत नाहीत. प्रमुख विचारतो, कुणाची हरकत? सगळे गप्प राहिले की मंजूर. ओनो-सान दमलेले, भले गृहस्थ. त्यांनी विचारलं आणि सगळे गप्प राहिले.

“माझी हरकत आहे,” चिबा-सान म्हणाल्या.

मुग्धा माझ्या कानाशी भाषांतर करत होती.

“मी लहान होते तेव्हा हे देऊळ सरकारचं होतं. वडील सरकारनं लिहून दिलेली प्रार्थना म्हणायचे. गावातली मुलं तिथूनच युद्धावर गेली. माझा भाऊही गेला. त्याच्यासाठी विजयाची प्रार्थना वडिलांनीच म्हटली. तो परत आला नाही.”

“ते दिवस गेले, चिबा-सान,” ओनो-सान हळूच म्हणाले. “ही एक खोली आहे फक्त. आणि आपल्यापैकी किती जण आणखी थांबू शकतील?”

“थांबायला नको. वरची ‘काकी’ फळांची (टोमॅटोसारखी दिसणारी, गोड) बाग माझी आहे. तिथे लहानसं देऊळ आपणच बांधू.”

“तिथे तर तुम्ही घर बांधणार होता.”

“मी राहीन सरकारच्या घरात. देव राहणार नाही.”

मग ओनो-सान यांनी सावरून बसत पुन्हा विचारलं, या म्हणण्याला कुणाची हरकत? सगळे गप्पच राहिले.

उजेड होता तोवर सगळे बागेत गेले. ओनो-सान स्वतः बांबू आणि दोरी घेऊन आले आणि जागा आखू लागले. घराचा दरवाजा कुठे येणार होता, ते चिबा-साननी मला दाखवलं. समोर समुद्र होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलंही नाही.

परतीच्या बसमध्ये एकच विचार मनात घोळत होता. देवाच्या तावडीतून राज्य कसं सोडवावं लागतं, हे मी जन्मभर शिकवलं. राज्याच्या तावडीतून देव सोडवणारी बाई मात्र पहिल्यांदाच पाहिली. आणि हे तिला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं, घरातल्या एका मरणानं शिकवलं होतं.

मी पुण्याला परतल्यावर काही महिन्यांनी मुग्धाचा फोन आला. देव बागेत गेला होता, चिबा-साननी स्वतः नेला. त्यांना सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर घर मिळालं होतं. तिथून समुद्र दिसत नाही, बागही दिसत नाही.

“वाईट वाटत असेल गं त्यांना,” मी म्हणाले.

“वाटतं म्हणाल्या,” मुग्धा म्हणाली. “पण रोज बागेत चढून जातात.”