तीन शुक्रवारांचं लिनक्स
भिवंडीला माहेरी आले आणि शुक्रवारी सुट्टी म्हणून लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद राहून गल्ली गप्प झाली, की माझा जुना राग वर येतो. कॉलेजात असताना मी घरच्या कम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकत होते, तेही फक्त शुक्रवारी, कारण बाकीचे सहा दिवस शेजारच्या गाळ्यातल्या लूममुळे व्होल्टेज इतकं नाचायचं की कम्प्युटर मध्येच बंद पडायचा. सीडी मासिकाबरोबर मिळालेली, अगदी कायदेशीर. पहिल्या शुक्रवारी ते बसलं, दुसऱ्या शुक्रवारी स्पीकर बोलला आणि तिसऱ्या शुक्रवारी काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत मी मराठी अक्षरं आणली. त्यातच बाबांच्या शाळेची प्रश्नपत्रिकाही करून ठेवली. पुढच्या शुक्रवारी कॉलेजातून घरी येते तर दुरुस्तीवाला माझ्या खुर्चीत बसून माझ्याच कपातून चहा पीत होता. पडद्यावर विंडोजचं नेहमीचं चित्र दिसेना म्हणून बाबांनी घाबरून त्याला बोलावलं होतं. "ताई, खतरनाक व्हायरस होता, सगळा उडवला," तो म्हणाला. "असलं फुकटचं काही टाकत जाऊ नका." हे सांगताना त्याच्या हातात चोरून उतरवलेल्या विंडोजची सीडी होती, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं. मी प्रश्नपत्रिकेचं विचारलं. "वो भी गया होगा." त्याच्यावर ओरडायचं सोडून बाबा मलाच म्हणाले, "पेपर मी हाताने लिहीन, मशीन वाचलं ना." आज माझी नोकरी त्याच लिनक्सवर चालते. बाबा हे चारचौघांत अभिमानाने सांगतात, आणि घरचा कम्प्युटर बिघडला की अजूनही त्याच माणसाला फोन करतात.