अकरा तराफ्यांची मालकीण

आमच्या जुन्या गावाला जाणारा डांबरी रस्ता अजून शाबूत आहे. नव्या गावाच्या शेवटच्या घरापासून तो निघतो, बाभळींमधून उतरतो आणि थेट धरणाच्या पाण्यात जातो. गाव बुडालं तेव्हा मी जन्मलेही नव्हते. बाकी सगळ्या काठाला काळा चिखल आहे, गुडघ्याएवढा पाय रुततो. पाण्यापर्यंत कोरड्या पायानं जायचं तर हा एकच रस्ता. म्हणून गावातले मासेमार आपले तराफे इथूनच सोडत. तराफा म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. थर्माकोलचे जाड तुकडे खताच्या पोत्यात भरायचे, दोरीनं आवळायचे, वर एक फळी टाकायची. तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मागं लोटायचं. असे अकरा तराफे आमच्या गावात आहेत. त्यातला एक माझ्या चुलत्यांचा. त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, मीही.

मग क्लब आला. शिडाच्या बोटींचा. सेलूची, परभणीची माणसं, रविवारी गाड्या भरून येणारी. चिखल नसलेली जागा एकच आहे हे त्यांनाही कळलं. त्यांनी रीतसर परवानगी काढली, रस्त्यावर आडवं लोखंडी फाटक बसवलं आणि पाटी लावली, सभासदांव्यतिरिक्त प्रवेश नाही.

बुडालेल्या गावाच्या रस्त्याला फाटक! गाव तर घेतलंच, आता गावाचा रस्ताही घ्यायचा?

मी तेव्हा धरणग्रस्तांच्या एका छोट्या संघटनेत होते. पत्रकं लिहिणं हे माझं काम. मी एका दमात पत्रक लिहिलं, चारठाण्याच्या बाजारात उभी राहून वाटलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून ते जाड ठशात घेतलं: आम्ही पाण्याची लेकरं आहोत, पाण्यात वाढलो, पाण्यावर जगतो. खरं सांगायचं तर मला पोहता येत नव्हतं. आमच्या गावातली एकही बाई धुणं धुताना गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. पण पत्रकात हे कुठं लिहितात?

क्लबच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. दातांचे डॉक्टर. बोलणं असं मऊ की चिडायला जागाच मिळत नाही.

"ताई, तुम्ही फार कडक लिहिता," ते म्हणाले. माझं पत्रक त्यांनी व्यवस्थित घडी करून ठेवलं होतं. "पण आमच्या परवानगीतच अट आहे, स्थानिकांना सभासद करून घ्यायचं. फीसुद्धा माफ. आता कुणी अर्जच करत नाही, त्याला आम्ही काय करणार? तुम्ही करा ना अर्ज. पाण्याची लेकरं म्हणता, मग शिकायला कितीसा वेळ लागणार?"

समोर चहा, बिस्किटं. मी नाही म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळीकडे सांगितलं असतं, विचारलं होतं, आल्या नाहीत. मी त्यांचं नियमांचं पुस्तक मागून घेतलं. दुसऱ्या पत्रकासाठी मसाला मिळेल म्हणून. घरी येऊन वाचलं तर बाराव्या पानावर एक ओळ सापडली आणि मी जागची उठून उभी राहिले. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सभासदास स्वतःच्या मालकीचे कोणतेही तरंगते साधन उतारावरून पाण्यात नेता येईल.

उतार म्हणजे आमचाच रस्ता. आणि कोणतेही तरंगते साधन. थर्माकोल तरंगतं की!

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. मी परीक्षा द्यायची, पास व्हायचं, आणि अकराच्या अकरा तराफे माझ्या मालकीचे म्हणून नोंदवायचे. फाटक उघडावंच लागेल.

तात्या जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजी माझा तराफा तुझ्या नावानं?"

"कागदावर, तात्या. नुसता कागदावर."

"गाव घ्यायच्या येळेला बी असंच म्हणले होते."

पण त्यांनी अंगठा दिला. बाकीच्या दहाजणांनीही दिला, कारण दुसरा मार्ग नव्हता. फाटक लागल्यापासून ते तराफे डोक्यावर घेऊन पलीकडच्या चिखलातून नेत होते. तात्यांचे गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. एकाचा तराफा चिखलात रुतून बसला, ओढताना मधोमध मोडला, पुन्हा बांधावा लागला. क्लबचं शिकवणीचं सत्र उन्हाळ्याआधी संपणार होतं आणि परीक्षा एकदाच. मी नापास झाले तर पुढच्या सत्रापर्यंत चिखलच.

आधी पोहायचं होतं. तात्यांनी तेलाचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधला आणि मला चिखलाच्या बाजूनं पाण्यात ढकललं. मी किंचाळले.

"पत्रकात काय लिवलं होतंस गं? पाण्याची लेकरं?"

"तात्या, ते लिहायची पद्धत असते!"

"मंग त्याच पद्धतीनं पाय मार."

काठावर धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसायल्या. मी पंधरा दिवस नाकातोंडात पाणी घेतलं.

बोट शिकवायला एक निवृत्त नौसैनिक होते, कोकणातले. त्यांना आम्ही सर म्हणायचो. बोट एकट्याची, एका शिडाची. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्या हातात सुकाणूचा दांडा. दोरी ओढली की शीड फुगतं, सोडली की फडफडतं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी बोट अकरा वेळा उलटी केली, तराफे किती तेवढ्या वेळा, हे सर स्वतःच हसत म्हणाले. उलटली की तिच्या पोटाखालच्या फळीवर चढून उभं राहायचं, सगळं वजन टाकायचं आणि तिला सुलटं करायचं. सलवार ओली होऊन पायाला चिकटायची, पळायचं म्हटलं तरी पळता यायचं नाही.

"वाऱ्याशी भांडू नकोस," सर म्हणायचे. "सगळीकडे जाता येतं, फक्त वाऱ्याच्या तोंडावर नाही. तिकडं जायचं असेल तर तिरकं जायचं. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं."

"सर, मी इथं भांडायलाच आले आहे."

"मग क्लबच्या कमिटीशी भांड. बोटीनं तुझं काय घोडं मारलंय?"

एक कबुली देते. एका सकाळी वारा बाजूनं लागला, बोट कलली, पाणी तळाखालून गुणगुणायला लागलं आणि मला वाटलं, आता ही थांबूच नये. एवढं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं, मोर्चातही नाही. आणि लगेच लाज वाटली. पलीकडं चिखलात तात्या डोक्यावर तराफा घेऊन चालत होते आणि मी नारिंगी जॅकेट घालून मजा मारत होते.

त्याच सकाळी कुणीतरी माझा फोटो काढला. पुढच्या रविवारी तो फाटकावर, फ्लेक्सवर. मी हसतेय, मागं शीड, खाली अक्षरं, स्थानिकांचा सहभाग. ज्या फाटकाविरुद्ध मी पत्रक काढलं त्याच फाटकावर माझं तोंड! मी डॉक्टरांना म्हणाले, काढा तो. ते म्हणाले, "ताई, सभासदांचे फोटो लावतोच आम्ही. अर्जात संमती आहे तुमची." होती. गावातली पोरं मला क्लबवाली म्हणायला लागली. संघटनेतला एकजण बैठकीत म्हणाला, "तिकडं सँडविच चांगलं मिळतं म्हणे." मिळायचंच.

परीक्षेच्या दिवशी पश्चिमेचा वारा होता. पाण्यात तीन पिवळी पिंपं तरंगत ठेवलेली. तिन्हींना वळसा घालून एकटीनं उतारावर परत यायचं. नियम एकच, दुसऱ्या कुणाचा हात बोटीला लागला की नापास. दोन पिंपं झाली. तिसरं वाऱ्याच्या तोंडावर होतं. सरांनी शंभरदा सांगितलेलं, तिरकं जा. पण पिंप समोर दिसत होतं, ते राहिलं की संपलंच, आणि मी नाक सरळ त्याच्याकडं केलं. मी आयुष्यभर तेच करत आले आहे.

शीड फडफडलं. बोट थांबली. मग मागं मागं जायला लागली. मागं बुडालेल्या बाभळींची खोडं होती आणि खोडांना बांधलेलं तंगूसचं, म्हणजे बारीक नायलॉनचं जाळं. सुकाणू त्यात शिरलं. मी दांडा हलवला तसं आणखी गुंतलं. बोट ना पुढं ना मागं. काठावर कमिटी खुर्च्या टाकून बसलेली.

तेवढ्यात तराफ्यावरून फळकुटं मारत तात्या आले. जाळं त्यांचंच होतं.

"अगं ये! माझं जाळं हाय ते!"

"तात्या, लांब राहा! बोटीला हात लावू नका!"

"मी काय तुझ्या बोटीची ओटी भरायला आलो का? जाळं फाटायलंय!"

"हात लागला की मी नापास!"

"आन् जाळं फाटलं की मी काय पास?"

जॅकेटला सरांनी दिलेली एक छोटी सुरी होती. ती मी काढली. चार ठिकाणी कापलं असतं तर सुटले असते. पण हेच जाळं त्यांना हिवाळाभर विणताना मी पाहिलं होतं. अंगठा दिला त्या दिवशीही त्यांच्या मांडीवर हेच होतं. मी सुरी हातात धरून नुसती बसले.

तात्यांनी माझ्या हातातली सुरी बघितली. मग म्हणाले, "बोटीला न्हाई लावत हात. माझ्या जाळ्याला तरी लावू का? का त्याला बी सभासद लागतो?"

त्यांनी स्वतःचा चाकू काढला आणि जाळ्याची दोन्ही टोकं खोडांपासून कापली. अख्खं जाळं माझ्या बोटीला लटकून सुटलं. मी दांडा बाजूला लोटला, तोंड वाऱ्यावरून हटवलं, शिडात वारा धरला. बोट म्हशीसारखी जड चालत होती. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. तिसऱ्या पिंपाला वळसा घातला आणि तात्यांचं जाळं ओढत उतारावर आले. त्यात दोन रोहू आणि एक मरळ तडफडत होती.

"हे काय?" डॉक्टर उठून उभे राहिले.

सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. ते म्हणाले, "बोटीला कुणाचा हात लागला नाही. मी बघत होतो. जाळ्याबद्दल तुमच्या नियमात काही नाही. पास."

अकरा तराफ्यांवर रंगानं आकडे टाकले. फाटक उघडलं. पहिल्या सकाळी अकराजण ओळीनं डांबरावरून चालत गेले, तात्या सगळ्यांत पुढं, नवी दोरी लावलेलं जाळं खांद्यावर. फाटकावरच्या माझ्या फोटोला त्यांनी जाता जाता रामराम घातला. मी हसले. त्या दिवशी मी खूप हसले.

आठव्या दिवशी क्लबचं पत्र आलं. नियम पान तेरा. सभासदाचे साधन पाण्यात असेपर्यंत मालक सभासदाने उतारावर हजर असावे. अन्यथा नोंदणी रद्द.

पान तेरा. मी पान बारा वाचून पुस्तक मिटलं होतं. मला हवी ती ओळ मिळाली होती, उलटून कोण बघतो? पत्रकवाल्यांची ही खोड आहे, माझी तर फारच.

मी भांडायला गेले. डॉक्टर म्हणाले, "ताई, सुरक्षेसाठी आहे हो. तुमच्याच माणसांच्या." सरांना विचारलं, ते फक्त म्हणाले की हा नियम सगळ्याच क्लबांत असतो. आणि खरंच असेल. मला त्याचाच जास्त राग येतो.

मी तात्यांना म्हणाले, तुम्हीच परीक्षा द्या. पण सभासद व्हायला वयाची अट आहे आणि तात्या तिच्या पलीकडं गेलेले. बाकी दोघं-तिघं वयात बसतात, ते म्हणतात, "तू हाईस की."

तर मी आहे. पहाटे तराफे पाण्यात जातात तेव्हा मी फाटकाशी वहीत त्यांचे आकडे लिहिते, आणि शेवटचा परत येईपर्यंत तिथंच बसते. दुपारी जाळी टाकायला जातात, तेव्हा पुन्हा. संघटनेच्या बैठकीला जिंतूरला जाणं बंद झालं. पत्रकं मी इथंच बसून लिहिते, आणि सगळ्यांत अवघड गोष्ट ही की फाटकाविरुद्ध एकही लिहिता येत नाही, कारण फाटक आता मीच उघडते. बोट तर परीक्षेनंतर एकदाही चालवली नाही. मी पाण्यात असले की उतारावर नसते.

उन्हाळा लागला तसं पाणी खाली गेलं आणि रस्ता लांब झाला. परवा पाण्यातून जुन्या गावाचा मैलाचा दगड वर आला. त्याच्यावर बसते मी हल्ली, फाटकापेक्षा पाणी तिथून जवळ पडतं. आज वारा बाजूचा होता, चांगला. क्लबची बोट उतारावर शीड लावून तयार होती, आणि सर लांबूनच म्हणाले, "जा, एक चक्कर मारून ये. दहा मिनिटं."

मी पाण्याकडं बघितलं. दहा तराफे आले होते. परत येताना शेजारून जाणारा एकजण म्हणाला, "तात्या खोडांपाशी हाय. जाळं गुतलंय. टाइम लागंल."

"किती?"

"काय म्हाईत. तू हाईस ना इथं?"

मी सरांना हातानं नाही म्हटलं. वहीत दहा आकड्यांपुढं परत आल्याच्या खुणा केल्या, तात्यांच्या आकड्यापुढची जागा मोकळी ठेवली, आणि दगडावर बसून राहिले.